दुखण्यासाठी मोबाइल ॲप: निवडण्याआधी कसं पारखायचं, निवडल्यावर कसं वापरायचं

प्ले स्टोअरवर कंबरदुखी किंवा अर्धशिशी शोधा, ॲप्सची रांग संपत नाही. बऱ्याच जणांना चाराच्या वर तारे, आणि प्रत्येकाचा दावा सारखाच. यातलं घ्यायचं कुठलं, असं गोव्यातली, डिचोली-साखळीकडची आमची माणसं मला सतत विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ॲप दुखणं बरं करत नाही. चांगलं ॲप फार तर दोन कामं करतं: तुमच्या दुखण्याची खरी नोंद ठेवतं, किंवा डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टनी सांगितलेली गोष्ट रोज करायला मदत करतं. त्यामुळे त्याचा दर्जा ताऱ्यांवरून ठरवू नका. दोन आठवड्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवण्यासारखं त्यातून काय निघालं, यावरून ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर आहेत.

पायरी १: हे दुखणं ॲपचं आहे का?

काही दुखणी नोंदवत बसायची नसतात. छातीत दुखून घाम फुटतोय, दम लागतोय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, तर फोनवर फक्त १०८ लावायचा. आयुष्यात कधी नव्हतं इतकं तीव्र डोकं अचानक दुखू लागलं, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तरी तेच. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं: बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), नाहीतर म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, जे जवळ पडेल ते. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी आधी डॉक्टर.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ताप येऊन सांधे धरले तर आधी रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यूची शक्यता असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे सांगणारं ॲप मला क्वचितच दिसतं. म्हणूनच ही पायरी पहिली.

ॲपचा खरा उपयोग जुनाट दुखण्यात आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. झिजलेले गुडघे, वर्षानुवर्षांची कंबर, अर्धशिशी, चिकुनगुन्या होऊन गेल्यावरही महिनोन्‌महिने न सुटणारे सांधे ही सगळी त्यातली. अशा दुखण्यात आज दहापैकी किती दुखतंय हा आकडा फारसा कामाचा नसतो. महिन्याभराचा कल कामाचा असतो, आणि तो डोक्यात राहत नाही.

पायरी २: काम एकच ठरवा

ही ॲप्स साधारण चार प्रकारची असतात. नोंदवहीची, म्हणजे आकडा, जागा, गोळी आणि झोप लिहायची. ‘मॅनेज माय पेन’ हे त्यातलं, आणि खास अर्धशिशीसाठी ‘मायग्रेन बडी’. व्यायामाची, उदाहरणार्थ ‘काया’. मनाच्या बाजूने जाणारी, म्हणजे श्वसन, शिथिलीकरण, वेदनेकडे बघण्याची सवय बदलणारी. ‘क्युरेबल’ त्या वळणाचं. आणि नुसती औषधाची आठवण करणारी. ही नावं प्रकार कळावा म्हणून दिली आहेत. यातलं अमुक घ्या असं मी म्हणत नाही.

सगळं एकाच ॲपमध्ये शोधू नका. चारही कामं करू पाहणारं ॲप उघडताना इतके प्रश्न विचारतं की आठवड्याभरात माणूस कंटाळतो. पहिल्यांदाच वापरत असाल तर नोंदवहीपासून सुरुवात करा. दुखणं कधी वाढतं हेच ठाऊक नसेल, तर कुठला व्यायाम करायचा हेही कळत नाही.

पायरी ३: डाउनलोडच्या आधी दुकानाचं पान वाचा

तारे बघू नका असं मी म्हणत नाही, पण ते शेवटी बघा. ॲप देखणं आहे, पटकन उघडतं, जाहिराती कमी आहेत, याला लोक तारे देतात. माहिती बरोबर आहे का, हे तपासून तारे देणारे थोडे.

२०१४ मध्ये अमेरिकेत फोन छातीला टेकवून रक्तदाब सांगणारं एक ॲप आलं आणि ते धडाधड विकलं गेलं. नंतर डॉक्टरांनी त्याची चाचणी घेतली. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: रक्तदाब खरोखर वाढलेल्या पाच जणांपैकी जवळजवळ चौघांना ते ‘ठीक आहे’ असं सांगत होतं. त्याच्या आधी, २०११ मध्ये, फोनच्या पडद्याच्या रंगीत प्रकाशाने मुरमं जातात असं सांगणाऱ्या ॲप्सवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली होती. वेदनेच्या क्षेत्रातही ‘विशिष्ट ध्वनिलहरींनी सांधेदुखी गायब’, ‘सात दिवसांत कंबर मोकळी’ असे दावे दिसतात. असा दावा दिसला की ते पान तिथेच बंद करा.

मग पुढच्या गोष्टी बघा. बनवणारा कोण आहे? त्याची वेबसाइट उघडते का, तिथे पत्ता आहे का, मजकूर तपासणाऱ्या डॉक्टर-फिजिओथेरपिस्टची नावं आहेत का? २०११ मध्ये संशोधकांनी वेदनेची १११ ॲप्स तपासली तेव्हा बहुतेकांच्या मागे वैद्यकीय व्यक्तीचा हात असल्याची काही खूण सापडली नाही. आता चित्र थोडं सुधारलंय, पण ‘तज्ज्ञांनी बनवलेलं’ एवढ्या शब्दावर विश्वास ठेवण्याइतकं नाही. तज्ज्ञ म्हणजे कोण, हे लिहिलेलं हवं.

शेवटचा अपडेट कधीचा आहे तेही बघा. दोन-तीन वर्षांत हात न लागलेल्या ॲपच्या भरवशावर वर्षभराच्या नोंदी ठेवू नका. फोन बदलला की त्या गेल्या म्हणून समजा. परीक्षणांत ताजी आणि एक-दोन ताऱ्यांची आधी वाचा. ‘सगळा डेटा गेला’, ‘पैसे कापले’, ‘रिपोर्ट निघत नाही’ ही तीन वाक्यं वेगवेगळ्या लोकांकडून आली असतील तर ती खरी धरा.

जर्मनीत २०२० पासून सरकारी यादीतलं ॲप डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात आणि विमा त्याचे पैसे भरतो. यादीत कायमचं राहायचं तर रुग्णाला फायदा होतो हे दाखवावं लागतं. पाठदुखीचं ॲपही त्या यादीत आहे. आपल्याकडे अशी यादी नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करायला हवी.

पायरी ४: पैसे आणि माहिती

‘सात दिवस फुकट’ म्हणणारी बरीच ॲप्स सुरुवातीलाच कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागतात. नोंदवहीसाठी पहिल्या महिन्यात एक रुपयाही भरायची गरज नाही. भरलेच, तर प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन’ भागात जाऊन त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण बंद करा. मुदत संपेपर्यंत ॲप बहुधा चालतंच.

माहितीचा प्रश्न पैशाहून नाजूक आहे. तुम्हाला कुठे दुखतं, कुठली गोळी किती घेता, पाळी कधी येते, झोप लागते का, मन खचलंय का, हे सगळं तुम्ही त्या ॲपला सांगणार आहात. २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांच्या सवलतीचं ‘गुडआरएक्स’ हे नावाजलेलं ॲप लोकांच्या औषधांची माहिती फेसबुक-गूगलला जाहिरातींसाठी पुरवत असल्याचं उघड झालं आणि पंधरा लाख डॉलरचा दंड झाला. म्हणजे नाव मोठं असलं तरी तपासायचं.

प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ नावाचा भाग असतो. तो बनवणाऱ्यानेच भरलेला असतो, तरी वाचा. आरोग्याची माहिती ‘जाहिरातीसाठी’ वापरली जाते असं तिथेच लिहिलं असेल तर पुढे बघायचं कारणच नाही. मग परवानग्या. वेदनेच्या नोंदवहीला तुमचे संपर्क, एसएमएस किंवा कॉलची यादी कशाला हवी? नाही म्हणा. नाही म्हटल्यावर ॲप चाललंच नाही तर काढून टाका. ठिकाणाची परवानगी अर्धशिशीची काही ॲप्स हवामान जोडण्यासाठी मागतात. ते समजण्यासारखं आहे, पण ‘वापरताना फक्त’ एवढीच द्या. व्यायामाचं ॲप हालचाल तपासायला कॅमेरा मागत असेल, तर चित्रीकरण फोनमध्येच राहतं की बाहेर जातं हे लिहिलेलं आहे का ते शोधा.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क मानलेला आहे. खातं पुसण्याचा मार्ग ॲपमध्ये कुठे आहे, हे खातं उघडण्याआधी पाहून ठेवा.

पायरी ५: पहिल्या अर्ध्या तासाची परीक्षा

ॲप्सचा दर्जा मोजायची एक मान्य पट्टी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रविज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती मांडली. तिला ‘मार्स’ म्हणतात. तीत २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ॲप गुंतवून ठेवतं का, नीट चालतं का, दिसतं कसं आणि माहिती कशी आहे, हे चार मुख्य भाग, शेवटी परीक्षकाचं स्वतःचं मत. वेदनेची ॲप्सही या पट्टीने मोजली गेली आहेत. अशा परीक्षणांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: प्रत्यक्ष रुग्णांवर नीट चाचणी झालेली ॲप्स फार थोडी. घरी २३ प्रश्न सोडवायची गरज नाही. मी पुढच्या गोष्टी करून बघते.

फोन विमान-मोडवर टाका आणि एक नोंद करा. सत्तरीत, सांगेत, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते, आणि आषाढात वीज गेली की राउटरही बंद. नेटशिवाय नोंद होत नसेल तर ते ॲप आपल्या कामाचं नाही.

टिपणाच्या चौकटीत देवनागरीत लिहून बघा, बोलून लिहायचं बटण वापरून बघा. काही ॲप्सच्या रिपोर्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटतात. म्हणून लगेच पीडीएफ काढून पाहायचा. पीडीएफ निघतच नसेल, किंवा पैसे भरल्याशिवाय निघत नसेल, तर डॉक्टरांना दाखवणार काय?

फोनची अक्षरं मोठी करा आणि परत उघडा. बटणं एकमेकांवर चढतात का? मग ज्याला वापरायचंय त्याच्याच हातात फोन द्या. माझ्या मावशीला आकडा निवडायची सरकपट्टी जमेना. कामाने खरखरीत झालेला अंगठा पाचावर ठेवला की पट्टी सातावर जायची, आणि ती म्हणायची, ‘राहूं दे गो, सातच असूं दे.’ अशी खोटी नोंद होण्यापेक्षा आकडे सुटे टिपता येणारं ॲप बरं. आम्ही तेच घेतलं.

शेवटचं म्हणजे वेळ. एक नोंद मिनिटाभरात व्हायला हवी, आणि कालची राहिलेली आज भरता यायला हवी.

पायरी ६: पक्कं उत्तर असलेले प्रश्न ॲपला विचारा

माहितीचा दर्जा तपासायचा माझा आवडता मार्ग हा. ज्यांची उत्तरं वैद्यकशास्त्रात पक्की आहेत अशा तीन-चार गोष्टी ॲपमध्ये शोधायच्या.

साध्या कंबरदुखीत काय करावं? ‘दोन-तीन आठवडे पडून राहा’ असं लिहिलं असेल तर ॲप काढून टाका. जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहणं चांगलं, लांबलेली विश्रांती उलट नुकसान करते, हे आता सर्वमान्य आहे. धोक्याची लक्षणं, म्हणजे वर पहिल्या पायरीत दिलेली, सहज दिसतील अशा जागी आहेत का? वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडाला धोका असतो, हे सांगितलंय का?

डोकेदुखीच्या ॲपला आणखी एक प्रश्न. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा एकाहून अधिक औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. चांगलं ॲप ‘या महिन्यात गोळीचे दिवस किती’ हे मोजून समोर ठेवतं. बाकी काहीही नसलं आणि एवढं असलं, तरी अर्धशिशीवाल्या माणसासाठी ते ॲप ठेवण्यासारखं आहे. मात्र मोजणी बघून रोजची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांना दाखवा.

ॲप स्वतःच निदान सांगतं का, डोस बदलायला सांगतं का, पाहून घ्या. सांगत असेल तर ते आपल्या मर्यादेबाहेर गेलं.

पायरी ७: दोन आठवडे

दिवसातून दोनच नोंदी, ठरलेल्या वेळी: सकाळच्या चहाबरोबर एक, रात्री निजायच्या आधी एक. दर तासाला विचारणाऱ्या सूचना बंद करा. दिवसभर ‘आता किती दुखतंय?’ असं विचारत राहिलं तर लक्ष दुखण्यावरच खिळतं, आणि दुखणं जास्त जाणवतं.

शून्य ते दहा हे माप सगळीकडे चालतं: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. पण नुसता आकडा मुका असतो. पहिल्या आठवड्यात मावशीच्या गुडघ्यांची नोंद होती ‘६, ६, ७, ६’. यातून डॉक्टरांना काय कळणार? मग आकड्यापुढे चार शब्द जोडायला लावले:

सोम: सकाळ ३, उठल्यावर दहा मिनिटं आखडलेले. रात्र ६, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरून पाणी सोडलं.
मंगळ: सकाळ ४. रात्र ४, घरीच, सुपारी सोलली.
बुध: सकाळ ३. रात्र ७, दोनदा कुळागर, नारळ घेऊन आले.
गुरू: सकाळ ५. रात्र ४, गोळी एक.

तिला स्वतःला वाटत होतं की चुलीपुढे उभं राहून गुडघे जातात. नोंदीत तसं काही नव्हतं. कुळागराच्या पायऱ्या उतरल्या त्या रात्री आकडा चढत होता, आणि ओझं आणलं की दुसऱ्या सकाळीही पुरता उतरत नव्हता. फिजिओथेरपिस्टनी हे वाचून उतरताना कठडा धरून दुखरा पाय आधी टाकायला शिकवलं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. नारळ आता भाचा आणतो.

‘दहा मिनिटं आखडलेले’ हे शब्दही महत्त्वाचे. आखडलेपण अर्ध्या तासाच्या आत सुटतं की तासभर राहतं, यावरून झीज आहे की सुजेचा संधिवात, याचा अंदाज घ्यायला डॉक्टरांना मदत होते. तसंच दुखण्याची जात लिहा. ठणका, कळ, रग एका बाजूला. आग, मुंग्या, विजेसारखी सणक, बधिरपणा दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात नसेचा संबंध असू शकतो आणि औषधंच वेगळी लागतात. काय करता आलं तेही लिहा: बाजारात जाऊन आले, चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला उभी राहिले, बसने पणजी गाठली. आकडा तोच राहून माणूस जास्त हिंडू लागला, तर तीही सुधारणा आहे.

नोंद करायला लागल्यापासून काळजी वाढली, झोप बिघडली, तर थांबा. सगळ्यांना नोंदवही मानवत नाही. सततच्या दुखण्याने मन खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं.

पायरी ८: डॉक्टरांसमोर

ओपीडीत गर्दी असते. तिथे चाळीस पानी आलेख उघडू नका. एकच पान छापा किंवा हाताने उतरवा: दोन आठवड्यांत सगळ्यात वाईट आणि सगळ्यात बरा आकडा, कशाने वाढतं, कशाने उतरतं, गोळीचे दिवस किती, झोप, आणि तुमचा एक प्रश्न. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेतानाही हेच पान समोर ठेवा.

उपचार सुरू झाल्यावर पुन्हा दोन आठवडे नोंद करा. दहाच्या मापात साधारण दोन अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट अर्थपूर्ण मानतात. सातावरून पाचावर आलात तर ‘अजून दुखतंच’ म्हणून औषध सोडू नका. सातावरून साडेसहावर अडकला असाल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पायरी ९: ठेवायचं की काढायचं

महिन्याने विचारा: यातून एखादा निर्णय बदलला का? औषध, व्यायाम, बसण्याची पद्धत, ओझं, काहीही. बदलला असेल तर ठेवा, पण रोजची नोंद थांबवा. दुखणं उसळेल तेव्हा किंवा डॉक्टरांकडे जायच्या आधीचे दोन आठवडे लिहिलं तरी पुरतं. बदलला नसेल तर दुसरं ॲप शोधण्याआधी दोन आठवडे साध्या वहीत याच पद्धतीने लिहून बघा. पुष्कळांना वहीच पुरते.

काढताना क्रम पाळा. आधी पीडीएफ काढून स्वतःला पाठवा. मग सबस्क्रिप्शन रद्द करा, कारण ॲप काढल्याने ते रद्द होत नाही. मग ॲपच्या आतून खातं पुसा आणि माहिती पुसल्याचा ईमेल येतो का बघा. तो आल्यावर फोनमधून ॲप काढा.